बोटाला धरलेले मूल

दरवर्षी भाद्रपद सरला की आमच्या शाळेत चौथी-पाचवीच्या मुलांना ‘मी पाहिलेली मिरवणूक’ या विषयावर निबंध लिहावयास सांगण्याची वहिवाट आहे. इंदूरच्या मुलांना हा विषय परका नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री येथे निघणाऱ्या झांक्यांची परंपरा कापडगिरण्यांच्या कामगारांनी जोपासली. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, पुढे इतर गिरण्यांचे भोंगेही एकामागून एक थांबले. तरी झांक्या निघत राहिल्या, आणि आईबापांच्या खांद्यांवर बसून त्या पाहणारी मुलेही बदलत राहिली. निबंध मात्र बदलत नाहीत. ‘रस्ता माणसांनी नुसता फुलून गेला होता’, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’, ‘तो दिवस मी कधीही विसरणार नाही’ – ही वाक्ये मी तीस वर्षे वाचीत आलो आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका मुलाने निराळे लिहिले. त्याला आधी बराच वेळ लोकांचे पाय तेवढे दिसत होते. त्यांत एका पायाला पांढरी पट्टी बांधलेली होती, आणि पट्टीवाले काका पुढे सरकले की तोही सरके. मग वडिलांनी त्याला उचलले, तेव्हा एकदम दिवे डोळ्यांत गेले आणि त्याने डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तो झांकी पुढे निघून गेली होती. एवढाच निबंध. त्याखाली तांबड्या शाईने ‘विषयाला सोडून’ असा शेरा मी मारला. ती वही आज माझ्यापाशी नाही. असती तर प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण कदाचित पडले नसते. ती वहीच मी सभासदांपुढे ठेवली असती.

त्या शेऱ्याची टोचणी लागल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. आईचे वा बापाचे बोट धरून मूल पहिल्यांदा घराबाहेर पडते, पहिल्यांदा बाजार पाहते, नदी पाहते, आगगाडी पाहते. हा अनुभव प्रत्येकाच्या वाट्याला आलेला. ललित लेखकाला यापरते सार्वत्रिक द्रव्य दुसरे कोणते मिळणार? तरीही तो मुलाच्या अंगाने शब्दांत आणणारे लेखन इतके विरळ का? या प्रश्नाचे सर्व अंगांनी उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. वर्गात शिकविताना आणि घरी वाचताना जे चार-दोन लेखक या वाटेवर भेटले, त्यांच्याविषयीच लिहितो.

आरंभी आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यावर पोसला गेला नाही असा मराठी शिक्षक विरळा. तिच्यातली पहिलीच रात्र सावित्रीव्रताची आहे. आई आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालण्याचे त्राण तिच्यात नाही, म्हणून ती श्यामला पाठवू पाहते. आणि श्यामला बायकांच्या घोळक्यात जाण्याची लाज वाटते, कारण सोबती हसतील. बारकाईने पाहिले तर येथे मूल आईबरोबर बाहेर पडत नाही, आईच्या ऐवजी पडते. आई उंबरठ्याच्या आत राहते आणि बाहेरचे जग हे श्यामच्या परीक्षेचे स्थळ होते. वडाखाली त्याला काय दिसले, पारंब्या केवढ्या होत्या, सूत कसे गुंडाळीत होते, याकडे लेखणीचे लक्ष नाही. तिचे लक्ष लाज मोडण्याकडे आहे. लाडघरच्या तामस्तीर्थाच्या प्रकरणात मायलेकरे खरोखरच समुद्रकाठी जातात. पण तेथेही ओढा लवकरच भक्तिभावाकडे वळतो. हा दोष म्हणून मी सांगत नाही. गुरुजींचा हेतू संस्काराचा होता आणि तो त्यांनी अशा उत्कटतेने पार पाडला की त्याची बरोबरी कोणाला साधली नाही. दोष आहे तो आपल्या अनुकरणाचा. गुरुजींनंतर आपण धरून चाललो की मूल घराबाहेर पडले म्हणजे त्याने काहीतरी शिकूनच परत यावे. रिकाम्या हाताने, नुसते बघून, परत आलेले मूल आपल्या पाठ्यपुस्तकांना चालेनासे झाले.

दुसऱ्या बाजूला आपला लघुनिबंध. त्यात बाप मुलाला घेऊन फिरावयास निघतो, मूल एखादा बाळबोध प्रश्न विचारते, आणि तिसऱ्या परिच्छेदापासून मूल नाहीसे होऊन बापाचे चिंतन सुरू होते. प्रश्न विचारण्यापुरते मूल हवे असते. ते थकले काय, त्याला तहान लागली काय, त्याची चप्पल चिखलात रुतली काय, याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. नावे घेऊन कोणाला दुखविण्याची माझी इच्छा नाही. ज्यांनी ही निबंधमाला शाळेत शिकविली आहे त्यांना नमुने आठवतील.

या दोहोंपासून दूर जाऊन पाहणारा लेखक मला बंगालीत भेटला. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ १९२९ साली पुस्तकरूपाने आली. तीत हरिहर लहानग्या अपूला घेऊन नीळकंठ पक्षी पाहावयास निळीच्या जुन्या कोठीच्या माळावर जातो. पक्षी पाहणे हा मोठ्यांचा हेतू. अपूचे चित्त प्रत्येक झुडपापाशी अडकते. तो मागे राहतो, बाप हाका मारतो. तो खाजकुइलीच्या शेंगांना हात लावू पाहतो, बाप ओरडतो. आणि मग अपूला ससा दिसतो. अक्षरओळखीच्या पुस्तकात ‘ख’ला खरगोश म्हणून जो चित्रात होता, तो जिवंत होऊन लांब कानांनिशी गवतातून पळत गेला. मोठ्यांनी ठरविलेला पक्षी बाजूला राहिला आणि कोणी न दाखविलेला ससा मुलाच्या जन्माचा झाला. शिक्षकाला हा प्रसंग दुहेरी टोचतो. आपण आधी चित्र दाखवितो, मग शब्द. वस्तू कधी भेटेल याची आपल्याला फिकीर नसते. चित्रातला प्राणी प्रत्यक्ष पळूही शकतो, या धक्क्याने विस्मित झालेला अपू मला दरवर्षी पहिलीच्या वर्गात बसलेला दिसतो.

पण याहूनही सरस प्रसंग पुढे आहे. हरिहर अपूला बरोबर घेऊन दूरच्या शिष्याच्या घरी निघतो. अपूची गाव सोडण्याची ही पहिलीच वेळ. वाटेत आगगाडीचा रस्ता लागतो. याच रुळांच्या शोधात अपू आणि त्याची बहीण दुर्गा पूर्वी एकदा रानोमाळ धावली होती आणि तेथवर पोहोचू शकली नव्हती. आता ते रूळ पायांखाली आहेत. गाडी केव्हा येते, ती पाहून जाऊ या, असा अपूचा हट्ट. आणि बापाचे उत्तर असे की गाडीला बराच अवकाश आहे, उन्हात थांबता यावयाचे नाही, परत येताना दाखवीन. डोळ्यांत पाणी आणून अपू बापाच्या मागोमाग चालू लागतो.

संपला प्रसंग. लेखकाने येथे काय केले नाही हे पाहावे. त्याने बापाला कठोर रंगविले नाही. हरिहर दरिद्री पुरोहित आहे, शिष्याच्या घरी वेळेवर पोहोचणे ही त्याच्या पोटाची गरज आहे. त्याने मुलाला समजूतदारही केले नाही. गाडी आणून मुलाचे समाधान केले नाही, की गाडी न दिसल्याचे तत्त्वज्ञान सांगितले नाही. दोघांच्या घाईंतले अंतर तेवढे दाखविले. बापाची घाई पोहोचण्याची, मुलाची घाई थांबण्याची. मुलाला घेऊन रस्त्याने चाललेल्या प्रत्येक माणसाचा हा अनुभव आहे, आणि तो इतका साधा आहे की लिहिण्याजोगा कोणाला वाटला नाही.

सत्यजित राय यांनी १९५५ साली या कादंबरीवरून केलेल्या चित्रपटात आगगाडी दिसते. काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावत दुर्गा आणि अपू तिच्यापर्यंत जातात. हे दृश्य जगभर वाखाणले गेले, आणि ते सुंदर आहेच. पण त्यात बाप नाही. दृश्य म्हणून जे कमावले त्याची किंमत म्हणून कादंबरीतले ते नकाराचे दोन क्षण चित्रपटाने गमावले, असे माझे मत आहे. कादंबरीतली दुर्गा आगगाडी कधीच पाहत नाही. आजारात ती अपूला म्हणते की बरी झाले की मला एकदा गाडी दाखव. आणि ती बरी होत नाही. बापाने मुलाला दिलेला ‘मग दाखवीन’ हा शब्द आणि बहिणीने भावाकडे मागितलेला तोच शब्द कादंबरीभर एकमेकांना ऐकू येत राहतात. चित्रपट आधी पाहून कादंबरीकडे वळणाऱ्या तरुण शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

बंगालीतच आणखी एक बाप भेटतो, हरिहराच्या अगदी उलट परिस्थितीतला. रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृति’त (१९१२) महर्षी देवेंद्रनाथांबरोबर केलेल्या पहिल्या मोठ्या प्रवासाचे वर्णन आहे. साल १८७३, रवींद्र अकरा वर्षांचा, नुकतीच मुंज झालेला. वय ‘बाळ’ म्हणण्याजोगे नव्हे. पण नोकरांच्या पहाऱ्यात वाढलेल्या या मुलाने जग इतके थोडे पाहिले होते की त्याचे पहिलेपण लहान मुलाचेच आहे. त्याच्याहून थोडा मोठा असलेला भाचा सत्य याने त्याला बजावून ठेवले होते की आगगाडीत चढणे हे भलतेच जोखमीचे काम आहे. प्रत्यक्षात तो सहज चढला, आणि त्याला वाईट वाटले! बोलपूरला संध्याकाळी पोहोचल्यावर पालखीत त्याने डोळे मिटून घेतले, कारण संध्याकाळच्या अंधुक उजेडात अर्धवट दिसले तर सकाळचा आनंद उणा होईल. हे दोन तपशील कोणाही प्रौढाला कल्पनेने सुचणार नाहीत. धोका न भेटल्याची निराशा आणि पाहणे पुढे ढकलण्याची कंजुषी या केवळ मुलाच्याच भावना होत.

आणि बापाचे वागणे पाहावे. बोलपूरच्या घळींतून मुलगा गोटे गोळा करून आणतो आणि महर्षी त्यांचे कौतुक करतात. ते त्याच्या हाती पैसे ठेवून हिशेब मागतात, सोन्याचे घड्याळ किल्ली द्यावयास देतात. हिमालयात लोखंडी टोकाची काठी घेऊन तो एकटा डोंगरात भटकतो, त्याला अडवीत नाहीत. येथे बोट धरलेले नाही, सोडलेले आहे. पण ते कोणीतरी सोडले आहे ही जाणीव मुलाला आहे. त्याच प्रवासात तिकीट तपासणाऱ्याने मुलाच्या वयाविषयी शंका घेतली. तेव्हा महर्षींनी पुरे भाडे दिले आणि परत आलेली मोड फलाटावर फेकून दिली, त्या नाण्यांचा खणखणाट म्हाताऱ्या रवींद्राच्याही कानांत राहिला असावा. सत्यनिष्ठेवर व्याख्यान न देता ती मुलापर्यंत कशी पोहोचते, याचा हा पाठ होय. आणि तो पाठ म्हणून लिहिलेला नाही, हे त्याचे बळ.

येथे एक हरकत कोणी घेईल ती रास्त आहे. महर्षींना मुलासाठी थांबावयास वेळ होता, हरिहराला नव्हता. श्रीमंताच्या मुलाला जग पाहावयास मिळते आणि गरिबाच्या मुलाला बापाच्या पाठीकडे पाहत चालावे लागते. होय, असेच आहे. आणि ज्याच्यापुढे बापाची पाठही नाही त्याने काय करावे? प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (१९३३) मी हिंदीच्या तासाला कितीदा शिकविली याची गणती नाही. हामिद चार-पाच वर्षांचा आहे. त्याचा बाप कॉलऱ्याने गेला, पाठोपाठ आई गेली. गावातली पोरे आपापल्या बापांबरोबर ईदला निघाली आहेत आणि आजी अमीना चिंतेत आहे: एवढासा जीव तीन कोस चालणार कसा, पायांत जोडे नाहीत, आपण बरोबर जावे तर शेवया कोण करील? कथेच्या आरंभीचा हा परिच्छेद मला तिच्या प्रसिद्ध शेवटापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. न धरलेल्या बोटाची जागा किती मोठी असते हे प्रेमचंदांनी एका म्हातारीच्या हिशेबातून दाखविले आहे.

मग वाट सुरू होते, आणि ही वाट म्हणजे पोरांचे विद्यापीठ आहे. शहरातल्या मोठमोठ्या इमारती दिसू लागतात: ही कचेरी, हे कॉलेज, हा क्लब. मिशावाली माणसे अजून शिकतात तरी काय, असा पोरांना प्रश्न. रात्री जिन्न येऊन मिठाईची दुकाने रिकामी करतात, असे एक शपथेवर सांगतो. पोलीसच चोऱ्या करवितात, हे दुसऱ्याला ठाऊक आहे. थोरांपैकी कोणी त्यांना सुधारावयास जात नाही. बाप बरोबर असूनही पोरे येथे आपसांतच जग रचीत आहेत, आणि बाप नसलेल्या हामिदला त्या रचनेत बरोबरीची जागा आहे. पुढे तो तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण पोळ्या काढताना आजीची बोटे भाजतात. आम्ही शिक्षक येथे ‘त्याग’ हा शब्द फळ्यावर लिहितो आणि धडा संपवितो. माझी तक्रार प्रेमचंदांविषयी नव्हे, त्या फळ्यावरच्या शब्दाविषयी आहे. चिमटा खांद्यावर टाकून त्याला बंदूक करणारा, सोबत्यांच्या मातीच्या खेळण्यांना तोंडी लढाईत पाडणारा हामिद हा खेळणारा मुलगा आहे. त्या शब्दाने आम्ही तो मारून टाकतो.

याच सुमारास, १९३४ साली, मुल्कराज आनंदांची हरवलेल्या मुलाची इंग्रजी कथा प्रसिद्ध झाली. आईबापांबरोबर वसंताच्या जत्रेला निघालेले मूल वाटेत किड्यापाखरांत रमते, मागे पडते, हाक येताच धावते. जत्रेत ते मिठाई, हार, फुगे, गारुडी हे सारे पाहते आणि मागण्याआधीच नकार ओळखून पुढे सरकते. पाळण्यापाशी धीर करून मागते, वळून पाहते, तो आईबाप नाहीत. मग एक अनोळखी गृहस्थ त्याला एकेक वस्तू देऊ करतो आणि मूल फक्त आई आणि बाप मागत राहते. कथेचा पूर्वार्ध अस्सल आहे. नकार आधीच पाठ झालेले मूल मी इतरत्र इतके स्वच्छ पाहिले नाही. उत्तरार्धाविषयी मात्र माझे मन साशंक आहे. ज्या वस्तू हव्या होत्या त्याच एकामागून एक पुढे येतात आणि एकामागून एक नाकारल्या जातात. ही बेरीज-वजाबाकी फार चोख जमली आहे. घाबरलेल्या मुलाचे रडणे असे क्रमवार नसते. आमच्या वार्षिक संमेलनात पालकांपासून चुकलेली मुले मी कार्यालयात आणून बसविली आहेत. त्यांतले एक गोळी चोखीत चोखीतच रडत होते, आणि आई दिसताच त्याने दुसरी गोळी मागितली.

मराठीत या बाबतीत सारी पाटी कोरी आहे असे म्हटले तर कृतघ्नपणा होईल. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ने (१९९४) लंपन आपल्याला दिला. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावी आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा स्वतः बोलतो. त्याच्या मराठीला शेजारच्या कन्नडाचा वास आहे, आणि ‘मॅड’ हा शब्द तो असा वापरतो की तो कोशातला राहतच नाही. बेळगावकडच्या सभासदांना ही बोली समजावून सांगण्याची गरज नाही. आम्हां माळव्यातल्या मराठी वाचकांनाही ती परकी वाटली नाही, कारण दोन भाषांच्या मध्ये वाढणे म्हणजे काय हे आमच्या मुलांना ठाऊक आहे. लंपनची नजर मुलाच्या उंचीवर राहते, ती मध्येच उडी मारून प्रौढाच्या खांद्यावर बसत नाही. संतांचा हा संयम आपल्या वाङ्मयात अपूर्व आहे. मात्र लंपन बोट धरण्याच्या वयाच्या पुढे गेलेला आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाचे पहिले बाहेर पडणे मराठी गद्यात अजून कोणी लिहावयाचे आहे.

ते का लिहिले जात नाही याचे एक कारण माझ्या स्वतःच्या आठवणीत सापडले. वयाच्या चौथ्या वर्षी अण्णांनी मला खांद्यावर घेऊन झांक्या दाखविल्या. त्यांतला गदा हलविणारा मारुती मला लख्ख आठवतो, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. आईच्या अखेरच्या दिवसांत एकदा तिच्यापुढे ते वर्णन केले, तेव्हा ती म्हणाली, “अरे, मारुती तुझ्या थोरल्या भावाने पाहिला. तू तर अण्णांच्या डोक्यावर मान टाकून झोपला होतास.” मग माझे स्वतःचे असे काय उरले? अण्णांच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास, आणि गालाला टोचणारे त्यांचे केस. बाकी सारे घरातल्यांनी मागाहून भरून दिले. पहिल्या अनुभवाचा लेखक होऊ पाहणाऱ्याची अडचण ही आहे. त्याच्यापाशी ऐवज थोडा असतो आणि ऐकीव भर फार. भर काढून टाकली तर एक वास आणि एक टोचणे एवढ्यावर लिहावे लागते. त्या धैर्याअभावी आपण मारुती लिहितो. आणि ज्या मुलाने मारुती न लिहिता पायाची पट्टी लिहिली, त्याला शेरा देतो.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गावर एक तास मोकळा मिळाला, तेव्हा अपूच्या आगगाडीचा तो प्रसंग मी माझ्या शब्दांत मुलांना सांगितला. ‘डोळ्यांत पाणी आणून अपू बापाच्या मागे चालू लागला’ येथे थांबलो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिने विचारले, “सर, त्याच्या बाबांना नव्हती का पाहायची गाडी?” दुसरा एक जण म्हणाला, त्यांनी पूर्वी पाहिली असेल. तिला ते पटले नाही. पूर्वी पाहिली म्हणून काय झाले, असे ती म्हणाली. त्यावरून वर्गात जो वाद सुरू झाला, तो पुढच्या तासाचे शिक्षक दारात येऊन उभे राहिले तरी मिटला नव्हता.